भेगेवरची काच

आमच्या इमारतीचं पाणी तोडलं त्याच आठवड्यात बाईंनी मला रोमचं पाणी कसं तुटलं ते सांगितलं. दोन्ही हातांत बादल्या घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर चढलो होतो आणि छाती धपापत होती. बाई दारातच उभ्या होत्या.

"ठेवा खाली. वेढा घालणारे आधी पाणीच तोडतात."

"कोण वेढा घालणारे?"

"गॉथ. रोमला."

"मग पुढे?" मी विचारलं. मला बादली इतक्यात उचलायची नव्हती.

"पुढे काय? लांबच्या डोंगरांतून कमानींवरून शहरात पाणी यायचं, शेकडो वर्षं. कमानी तशाच उभ्या राहिल्या, पाणी गेलं. पाण्यावर फिरणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या. तेव्हा त्यांनी नदीत होड्या बांधल्या आणि होड्यांवर जाती बसवली."

"डोकेबाज माणसं."

"डोकेबाज होतीच. पण टेकड्यांवरची घरं हळूहळू ओस पडली. माणसं खाली नदीकाठी येऊन राहिली, ती कित्येक पिढ्या वर गेली नाहीत. जिथे सभा भरायच्या तिथे गुरं चरायला लागली." बाईंनी बादलीत वाकून पाहिलं. "निम्मी जिन्यातच सांडलीत तुम्ही."

कोथरूडमधली आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची, मजल्यावर चार बिऱ्हाडं. बांधकाम विटांचं. सगळा भार भिंतींवर, सिमेंटच्या खांबांचा सांगाडा नाही. पुनर्विकासाचा करार झाला आणि एकेक बिऱ्हाड भाड्याच्या घरात निघून गेलं. दोनच उरली. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको, आणि बरोबर आमच्या डोक्यावर बाई. जिन्यातला दिवा आणि पाण्याचा पंप सोसायटीच्या मीटरवर होता. सोसायटीने तो मीटर बंद केला. आम्हाला कोणी हाकललं नाही, हे अध्यक्ष सगळीकडे सांगत फिरत होते. खरंच आहे. हाकललं नाही.

मी का राहिलो ते सांगतो, कारण त्याबद्दल बरंच काही पसरवलं गेलं आहे.

माझा धंदा पाडकामाचा. लोणी काळभोरहून पुण्यात आलो तेव्हा हडपसरच्या एका वखारीत जुन्या लाकडातले वाकडे खिळे काढून ठोकून सरळ करायचं काम मिळालं होतं. पुढे तशीच वखार माझी झाली. इमारत वरून खाली कशी उतरवायची, कोणती भिंत शेवटपर्यंत ठेवायची, चौकट न चिरता कशी सोडवायची, हे मी हाताने शिकलो. या शहरातल्या निम्म्या उपाहारगृहांत जे जुने खांब आणि दरवाजे लोक हात फिरवून बघतात, ते माझ्या वखारीतून गेलेले आहेत. तेव्हा माझी स्वतःची इमारत पडायची म्हटल्यावर ती मीच पाडणार, यात मला काही विचित्र वाटलं नाही. सभेत उभा राहून मी तसं सांगितलं.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "अहो, तुम्ही सभासद. सभासदाला काम दिलं की हितसंबंध आले."

"आणि तुमच्या मेव्हण्याला वकिलीचं काम दिलंत तेव्हा काय आलं?"

"विषय भरकटवू नका. आणि खरं सांगू का? भंगाराचा प्रश्न आला की बाहेरचा माणूस बरा. आपसात कटुता नको."

मागे कोणीतरी हसलं. कोण, ते मला माहीत आहे.

भंगार! माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता. मी म्हटलं, "तुमच्या घराघरांत सागवानी चौकटी आहेत. असं सागवान आज खिसा भरून बाजारात गेलात तरी मिळणार नाही. कडप्प्याचे ओटे, पितळी बिजागऱ्या, गजांच्या खिडक्या, सगळं करारात फुकट लिहून देताय आणि मला भंगार शिकवताय?" दोघातिघांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं पटलं असं मला वाटलं. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा काम दुसऱ्यालाच गेलं, ज्याच्याकडे मोठं यंत्र आहे आणि ज्याला चौकट आणि चुलीतलं जळण यातला फरक कळत नाही त्याला.

त्या दिवशी मी ठरवलं. पाडकाम मला मिळाल्याचं पत्र आणि अध्यक्षांची भर सभेत माफी, या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

बाईंचं कारण वेगळं होतं. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. आयुष्यभर अभ्यासक्रमातला शिकवला आणि स्वतःसाठी वाचला तो हा, रोमची सत्ता ओसरल्यानंतरचा, भूमध्य समुद्राच्या चारी काठांवरचा. घरात माणूस नाही, भिंतीभर पुस्तकं. त्या उगाच अडून बसल्या नव्हत्या. त्यांना एवढंच हवं होतं की घाई करू नका. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, मला कसली भीती? पाडणारा माणूस ज्या घरात झोपतो ते घर पडत नाही."

ते ऐकून मला बरं वाटलं. सोयीचंही होतं. एक बिऱ्हाड राहिलं तर तो हट्टी माणूस ठरतो. दोन राहिली तर बिल्डरला बोलणी करावी लागतात. म्हणून मी बाईंचं पाणी भरत होतो. तेवढ्याचसाठी भरत होतो असं नाही, पण त्यासाठीही भरत होतो.

दुपारी चारला आम्ही दोघं वर चहाला जायचो. तिसऱ्या मजल्यावर वारा असायचा. रिकाम्या इमारतीत दारं आपटायची, पाइपातून हवा घुमायची आणि बाई सांगत राहायच्या. संगमरवराचे देव फोडून चुनाभट्टीत कसे टाकत, ते त्यांनी सांगितलं तेव्हा मला चहा जाईना. चेहरे, हात, पावलं, सगळं भट्टीत. आणि तोच चुना नव्या भिंतींना.

"अहो, तुम्ही एवढी घरं पाडलीत आणि तुम्हाला कसंतरी होतंय?"

"मी जाळत नाही बाई. मी सोडवतो."

"मग तुम्हाला कैरवान आवडेल." आफ्रिकेच्या काठापासून जरा आत अरबांनी वसवलेलं ते गाव. तिथल्या मोठ्या मशिदीत रोमन इमारतींमधून आणलेले शेकडो खांब आहेत म्हणे. एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही, रंग जुळत नाही, माथ्यावरचं नक्षीकाम जुळत नाही. "जो आखूड, त्याच्याखाली बैठक उंच. वर कमानी बघाल तर एका ओळीत."

मी मांडीवर थाप मारली. सहा घरांतले सहा खांब एका उपाहारगृहात मी असेच उभे केले होते, खाली कमीजास्त दगड देऊन. "म्हणजे माझा धंदा बराच जुना की."

"जुना आणि मानाचा. तिकडे त्याला भंगार म्हणत नसत." बाईंना माझी दुखरी जागा बरोबर ठाऊक होती.

बायको म्हणाली, "बाई, त्येंना आजून फुगवू नका. आधीच घरात मावंना झाल्यात."

आणखी एक गोष्ट त्या सांगायच्या, ती मला तेव्हा नुसती मजेची वाटली. "रोम पडलं, असं पुस्तकात एका वाक्यात लिहितात. तिथे राहणाऱ्याला विचारलं असतंत तर तो म्हणाला असता, पडलं? कधी? आजोबांच्या वेळेपासून छप्पर गळतंय, दुरुस्त करायचं चाललंय."

मग लोक परत यायला लागले. राहायला नव्हे.

पहिला आला तळमजल्यावरचा, टेंपो आणि सुतार घेऊन. दिवसभर ठोकाठोक चालली. संध्याकाळी चौकटी, खिडक्या, ओट्याचा कडप्पा सगळं टेंपोत. मी जिन्यातून विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच तर म्हणालात, असं सागवान मिळत नाही. आमचंच आहे हो. दुसऱ्याचं काय घेतोय?" त्याचं बघून दुसरा आला, तिसरा आला. करारात लिहून दिलेला माल प्रत्येक जण आपापला उचलून नेत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, दुसऱ्याचं काय घेतोय? मी सभेत खरं तेच बोललो होतो. खऱ्याचं लोक काय करतील ते माझ्या हातात नव्हतं.

शेवटी अध्यक्षही आले. सुताराने त्यांची दाराची चौकट जिन्यातून उतरवली तेव्हा मी कठड्याला टेकून उभा होतो.

"काय अध्यक्ष? माल कंत्राटदाराचा ना करारात?"

"ही चौकट वडिलांनी उभं राहून बसवून घेतली होती. भावनेचा प्रश्न आहे."

"भावना केवढी आहे? टेंपोत मावेल ना?"

सुतार हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "तुम्ही किल्ली द्या, म्हणजे सगळ्यांच्याच भावना मोकळ्या होतील."

वर बाई गॅलरीतून बघत होत्या. मी गेलो तर म्हणाल्या, "बसा, तुमच्या अध्यक्षांची गोष्ट सांगते. सम्राट पूर्वेकडच्या राजधानीत राहायचा. रोम त्याचंच, पण कित्येक पिढ्यांत कोणी सम्राट तिकडे फिरकला नव्हता. एकदा एक आला. लोक आनंदाने सामोरे गेले. त्याने चर्चमध्ये प्रार्थना केल्या, भेटी वाहिल्या, आणि थोड्या दिवसांनी निघाला तेव्हा शहरातलं ब्राँझ उतरवून घेऊन गेला. एका प्रचंड घुमटावरचे पत्रेसुद्धा. तेव्हा त्या घुमटाखाली चर्च होतं."

"स्वतःच्याच शहरातलं?"

"स्वतःचंच. दुसऱ्याचं काय घेतलं?"

"आणि माल? माल कुठे गेला?"

"हेच विचारणार म्हणून मी थांबले होते. सिसिलीपर्यंत गेला. तिथे न्हाणीघरात त्याच्याच माणसाने त्याला मारलं. मग अरबांची जहाजं आली आणि तो माल उचलून इजिप्तला घेऊन गेली म्हणतात."

"म्हणजे कोणालाच पचला नाही."

"घुमट मात्र उघडा पडला," बाई म्हणाल्या आणि वर आपल्या छताकडे बघितलं. मीही बघितलं. छतात काही नव्हतं. तेव्हा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी आणायला उतरताना मी तळमजल्यावरच्या त्या घरात डोकावलो. दार नव्हतंच. आत पाऊल टाकलं आणि जागेवरच थांबलो. पूर्वी कधीतरी त्या माणसाने दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठा हॉल केला होता आणि वरचा भार घ्यायला सागवानी तुळई बसवून तिच्याखाली दोन सागवानी खांब दिले होते. खांब सुंदर होते. मीच एकदा त्याला सांगितलं होतं, विकायचे झाले तर मला विचार. ते दोन्ही खांब गेले होते. त्यांच्या जागी विटा रचून ठेवल्या होत्या, मध्ये सिमेंट नाही, काही नाही, लहान मुलं रचतात तशा. तुळई पोटात वाकली होती. आणि त्या काढलेल्या भिंतीच्या बरोबर वर पहिल्या मजल्याची भिंत, तिच्यावर माझ्या हॉलची भिंत, तिच्यावर बाईंची, जिला टेकून त्यांची पुस्तकांची कपाटं उभी होती.

मी तडक हडपसर गाठलं, वखारीतून दोन लोखंडी टेकू आणले, तुळईखाली लावून पिळून घट्ट केले. हात झटकले. काम झालं असं स्वतःला सांगितलं. पण माझ्या हॉलमध्ये कॅलेंडरच्या वर एक भेग आली होती. तिरकी, केसापेक्षा थोडी जाड.

भेग प्रत्येक जुन्या घरात असते. ती चालते आहे की थांबलेली, एवढाच प्रश्न. त्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर लावून चिकटवायची. भिंत हलली तर काच तुटते. काच खोटं बोलत नाही. मी पट्टी लावली आणि तिच्यावरून कॅलेंडर टांगलं.

बायको मागे उभी होती. "अवो, काच कशाला? शिमिट भरा की."

"भेग चालतेय का ते कळतं."

"आन् काच फुटली मंजे?"

मी कॅलेंडर सरळ केलं.

"बाईंना सांगितलं का?"

"काय सांगायचंय त्यात? जुनी भेग हाय."

माझ्या तोंडात गावची बोली आली की मी खोटं बोलतोय, हे ती इतक्या वर्षांच्या संसारात ओळखून आहे. ती आत गेली आणि भांडी जरा जोरात ठेवू लागली.

माझा हिशेब साधा होता. भेगेबद्दल मी बाहेर एक शब्द काढला असता तर महापालिकेचा माणूस आला असता, धोकादायक इमारत म्हणून नोटीस चिकटवली असती आणि आम्ही पिशव्या घेऊन रस्त्यावर. धोकादायक इमारतीत बोलणी नसतात. ज्याने मला भंगार म्हटलं त्याला काहीही न करता सगळं मिळालं असतं. आणि बाईंना सांगणं म्हणजे बाहेर सांगणंच, कारण त्या लगेच निघाल्या असत्या आणि का निघाल्या ते कोणीही विचारलं असतं तरी खरं सांगितलं असतं. टेकू लावले होते. काच लावली होती. मला फक्त थोडा वेळ हवा होता.

आणि तो मिळणारही होता. बिल्डरचा माणूस आला. पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट, जिना चढून घामाघूम. कॅलेंडरखालच्या खुर्चीतच बसला.

"सर, लेट्स क्लोज धिस. तुम्ही पण बिझनेसमन आहात."

"मी भंगारवाला आहे. तुमच्या अध्यक्षांना विचारा."

"सर, प्लीज. डिमॉलिशन तुम्हाला देतो. त्या दुसऱ्या पार्टीशी मी बोलतो. सोमवारी लेटर."

"आणि माफी?"

"ते माझ्या हातात नाही, सर."

"मग किल्लीही माझ्या हातात नाही."

तेवढ्यात भिंतीच्या आत काहीतरी करकरलं. आवाज बारीक होता, सुपारी फोडताना येतो तसा. त्याच्या खांद्यावर चिमूटभर चुना पडला. त्याने खांदा झटकला आणि वर पाहिलं. मी आवाज चढवला, "चहा टाक गं! पाहुण्याला चहा नको का?"

"चुना पडतोय, सर."

"जुनी इमारत आहे. म्हणून तर पाडताय."

तो हसला. मीही हसलो. बायको चहा घेऊन आली तेव्हा हसत नव्हती. जाताना तो म्हणाला, "चेअरमनना सभेत दोन शब्द बोलायला लावतो. सोमवारी दोन्ही मिळेल." मी जिंकलो होतो. दार लावून मी कॅलेंडर उचलून पाहिलं. काच सलग होती.

तरी त्या रात्री मला गोडाचं जेवण गेलं नाही आणि सकाळी पाणी घेऊन वर गेलो तेव्हा मी बाईंना म्हटलं, "थोडे दिवस भाचीकडे जाऊन या की लोणीला. हवापालट होईल." त्यांची भाची लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवते.

"का? बादल्या जड झाल्या?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"सोमवारपर्यंतच. माझं बोलणं होत आलंय."

बाईंनी चष्मा वर केला. "कंत्राटदार, मी गेले तर तुमची बाजू निम्मी होते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि तरी तुम्ही मला जा म्हणताय. फुकट सल्ला देणारी तुमची जात नाही. काय झालंय?"

"काही नाही हो. उगीच आपलं..."

"माझ्या कपाटामागे रोज आवाज येतो. मला वाटलं उंदीर आहेत. ते उंदीर नाहीत ना?"

मी आयुष्यात शेकडो माणसांशी घासाघीस केली आहे. समोरचा काय दडवतो आहे ते मला त्याच्या बसण्यावरून कळतं. त्या सकाळी मी दडवणारा होतो आणि समोर आयुष्यभर वर्गात पोरांचे चेहरे वाचलेली बाई होती. तरीही मी शेवटचं म्हणून बघितलं. "सोमवारपर्यंत, बाई. टेकू लावलेत मी."

"कशाला टेकू?"

संपलं. मी म्हटलं, "खाली चला. दाखवतो."

बायको हॉलमध्येच होती. मी कॅलेंडर उतरवलं. काच मधोमध तुटली होती. दोन तुकडे आपापल्या टोकाला घट्ट चिकटलेले आणि मध्ये नखभर फट. उठल्यावर पाहिली तेव्हा सलग होती.

बाईंनी फटीवरून बोट फिरवलं. खाली तळमजल्यावर लोखंड कुरकुरलं. माझा टेकू असावा.

"हे तुटलं म्हणजे काय करायचं?"

परवा बायकोने विचारलं होतं तेच. "निघायचं," मी म्हटलं.

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"आणि सोमवार?"

मी कॅलेंडर खाली ठेवलं. बायकोने पिशवी भरून ठेवली होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही. बाई पुस्तकांसाठी जिन्याकडे वळल्या तेव्हा मी आडवा आलो. "नाही. त्या भिंतीपाशी नाही जायचं."

"चारच घेते."

"एकही नाही!" मी ओरडलो. त्यांच्यावर पहिल्यांदा. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि पायांतल्या सपाता होत्या तशाच खाली उतरल्या.

रस्त्यापलीकडे उभं राहून मी आधी महापालिकेच्या ऑफिसात कळवलं आणि मग अध्यक्षांना फोन केला. "इमारतीत कोणाला पाठवू नका. चौकटीसाठी नाही, ग्रिलसाठी नाही, कशासाठीही नाही. बसतेय ती."

पलीकडून आवाज आला, "म्हणजे तुम्ही किल्ली देताय?"

एवढंच विचारलं त्या माणसाने.

नोटीस लागली. कोणाला आत जाता येईना. सोमवारी पत्र आलं नाही. बिल्डरच्या पोराला फोन केला तर म्हणाला, "सर, आता तर नोटीस आहे. लेटरचा प्रश्नच येत नाही." कामाला तोच दुसरा आला, यंत्र घेऊन. मी बघायला गेलो होतो. का जाऊ नये? माझंही घर होतं. त्याने यंत्र रस्त्यावर उभं केलं आणि दात थेट तळमजल्याला लावला. मी पलीकडून ओरडलो, "वरून घे! वरून उतरव तिला!" कोणी ऐकलं नाही. दात नुसता लागला आणि वरचे तीन मजले, माझी भिंत, बाईंची भिंत, बाईंची सगळी पुस्तकं, एका बाजूला कलून एकावर एक बसली. यंत्रवाला मागे पळाला म्हणून वाचला. धूळ निवली तेव्हा अध्यक्ष माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. ते ढिगाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांना बोलायला चांगली संधी होती. ते रुमालाने चष्मा पुसत राहिले.

ती माफी अजून आलेली नाही. बाई म्हणतात, सोडून द्या. मी सोडणार नाही.

पुस्तकांबद्दल मी त्यांना फोनवर सांगितलं. त्या भाचीकडे लोणीला राहतात. ऐकून म्हणाल्या, "सगळी वाचून झाली होती." पुढे तो विषय काढला नाही. बायको म्हणते तुम्ही आधी सांगायला हवं होतं, पुस्तकं तरी निघाली असती. मी म्हणतो मी हिशेबाने वागलो, आणि काचेनेही मला दगा दिला नाही. ती मग भांडी जोरात ठेवते.

आम्ही आता हडपसरला भाड्याने राहतो, बाविसाव्या मजल्यावर, वखारीपासून जवळ. इमारत नवी कोरी. लिफ्टमध्ये आरसा आहे, नळाला दिवसभर पाणी आहे, खालच्या फलकावर गुळगुळीत अक्षरांत लिहिलं आहे की इथे सगळं उत्तम आहे. राहायला आल्यावर काही दिवसांतच हॉलच्या भिंतीवर, दाराच्या कोपऱ्यातून निघालेली एक रेघ मला दिसली. देखरेखीच्या ऑफिसात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, न्यू प्लास्टरला अशा लाइन्स येतातच. पेंट मारून देऊ." बाईंचा तो रोममधला माणूस आठवला, छप्पर दुरुस्त करायचं चाललंय म्हणणारा. मी वखारीतून काचेची पट्टी आणली.

"नवी हाय हो बिल्डिंग," बायको म्हणाली. पण या वेळी तिने स्वतःच प्लास्टर कालवून दिलं आणि वर कॅलेंडर टांगू दिलं नाही.

बाईंचा सकाळी फोन येतो. कशा आहात, जेवलात का, यातलं काही नाही. थेट विचारतात.

"अहो कंत्राटदार, काच?"

"सलग आहे."

"आणि रेघ?"

आज मी फोन कानाला धरूनच भिंतीपाशी गेलो. काच सलग होती. रेघ मात्र काचेच्या वरच्या बाजूला, छताच्या दिशेने, थोडी पुढे सरकल्यासारखी दिसली. काल ती तिथपर्यंत नव्हती असं मला वाटतं. बायको म्हणते होती.

"ऐकताय ना? रेघ कशी आहे?"

मी खिशातली पेन्सिल काढली, रेघेच्या टोकाशी आडवी खूण केली आणि म्हटलं, "आज दिसली तशी सांगतो, बाई. आणि उद्याही सांगतो."